घरभाड्याची अनामत व घर सोडतानाची आकारणी

घर भाड्याने देताना भाड्याच्या व जागेच्या सुरक्षिततेसाठी भाडेकरूकडून आगाऊ घेतलेली व भाडेसंबंध संपल्यावर परत करावयाची रक्कम म्हणजे अनामत होय. व्यवहारात तिला ‘डिपॉझिट’ असेही म्हणतात. भाडेकरू घर सोडतो त्या वेळी थकलेले भाडे, वीज व पाणी यांची देयके, मोडतोड, रंगकाम, साफसफाई इ. कारणांसाठी घरमालक या रकमेतून जी वजावट करतो, तिला घर सोडतानाची आकारणी म्हणता येईल. घरमालक व भाडेकरू यांच्यामधील बेदखलीच्या वादांची चर्चा पुष्कळ झालेली आहे. त्या मानाने अनामतीचा वाद दुर्लक्षित राहिला; कारण रक्कम लहान असते आणि भाडेकरू तोपर्यंत दुसऱ्या गावी गेलेला असतो. तथापि मासिक वेतनावर राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम कित्येकदा दोनचार महिन्यांच्या भाड्याइतकी असते व पुढील घराची अनामत तिच्यातूनच भरावयाची असते. शिवाय पैसा घरमालकाच्या हाती असल्याने हिशेबही तोच करतो. स्वतःच्याच दाव्याचा तो न्यायाधीश होतो. ही विषमता दूर करणे हा या विषयातील विधिनियमांचा खरा हेतू आहे.

स्वरूप : घर दोन प्रकारे वापरण्यास दिले जाते. भाडेपट्ट्याने जागेच्या उपभोगाचा हक्क भाडेकरूकडे हस्तांतरित होतो. त्याचे नियमन संपत्ती-हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०५ व पुढील कलमांनी होते. संमती व परवाना या प्रकारात (लिव्ह अँड लायसन्स) जागेत कोणताही हितसंबंध निर्माण न होता केवळ राहण्याची अनुज्ञा मिळते. तिची व्याख्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम ५२ मध्ये आढळते. महाराष्ट्रात रूढ असलेले अकरा महिन्यांचे करार बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असतात. दोन्ही प्रकारांत अनामतीचे स्वरूप एकच राहते : ती भाडे नव्हे, बक्षीस नव्हे व दंडही नव्हे. ती सुरक्षेसाठी ठेवलेली रक्कम असून घरमालकाचे सिद्ध झालेले येणे वजा जाता ती परत करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. या बाबतीत पागडी अनामतीहून भिन्न आहे. पागडी ही जागा मिळविण्याची किंमत असून ती सामान्यतः परत मिळत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई निर्माण झाली, तेव्हा १९१८ मध्ये मुंबई भाडे (युद्धकालीन निर्बंध) अधिनियम संमत झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास १९३९ व १९४४ मध्ये पुन्हा भाडेनियंत्रणाचे अधिनियम झाले. त्यांची जागा मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ याने घेतली. या अधिनियमाने प्रमाणित भाड्याखेरीज पागडी, अनामत वा तत्सम मोबदला घेण्यास सामान्यतः मनाई केली होती. परंतु प्रत्यक्षात ही देवघेव पावतीवाचून चालू राहिली आणि पावती नसल्यामुळे परतफेडीचा पुरावाही उरला नाही. १९७३ च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारी रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूंचा दर्जा मिळाला. पुढे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात गोठविलेल्या प्रमाणित भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरविल्या. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ संमत होऊन तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याच्या कलम ५६ अन्वये जागा देताना वा कराराचे नूतनीकरण करताना अधिमूल्य अथवा अनामत घेणे वैध ठरले. अशा रीतीने जी रक्कम पूर्वी चोरून घेतली जाई, ती लेखात नोंदविता येऊ लागली.

अधिनियमाची व्याप्ती : १९९९ चा अधिनियम राज्यातील प्रत्येक घराला आपोआप लागू होत नाही, तो त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांतील जागांना लागू होतो. म्हणून ग्रामपंचायतीच्या हद्दीतील घराबाबत ते गाव अनुसूचित क्षेत्रात येते की नाही, हे प्रथम पाहावे लागते. येत नसल्यास भाडेकरू निराधार होतो असे मात्र नाही. संपत्ती-हस्तांतरण अधिनियम व भारतीय संविदा अधिनियम, १८७२ यांतील सर्वसामान्य तत्त्वे तेथे लागू असतात आणि अनामतीच्या वादाचा निर्णय मुख्यतः याच तत्त्वांवर होतो.

आकारणीची कसोटी : संपत्ती-हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये पट्टाकार व पट्टेदार यांचे परस्परांविषयीचे हक्क व दायित्वे दिलेली आहेत. त्यातील पट्टेदाराच्या दायित्वांपैकी एक दायित्व येथे निर्णायक ठरते. घर ज्या स्थितीत मिळाले त्याच चांगल्या स्थितीत ते राखणे व मुदतीअंती परत करणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. मात्र वाजवी झीज व अनिवार शक्तीमुळे झालेले फेरफार यांस तो जबाबदार नाही. भाडेकरूच्या कृतीने वा कसुरीने दोष निर्माण झाला असेल आणि घरमालकाने तशी सूचना दिली असेल, तर तीन महिन्यांच्या आत तो दोष दूर करणे भाडेकरूवर बंधनकारक आहे.

या एका तरतुदीतून आकारणीची त्रिविध कसोटी निघते. काळाने व नेहमीच्या वापराने जे झिजले, ते घरमालकाचे. निसर्गाच्या अनिवार शक्तीने जे मोडले, तेही घरमालकाचे. भाडेकरूच्या हाताने वा निष्काळजीपणाने जे बिघडले, तेवढेच भाडेकरूचे. भिंतीचा रंग उडणे, पायऱ्या गुळगुळीत होणे, दाराची बिजागरी सैल होणे ही झीज होय. वॉशबेसिन फुटणे, दाराची फळी उखडणे, परवानगीवाचून भिंतीला भगदाड पाडणे ही नासधूस होय. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी लागते : कलम १०८ मधील नियम ‘विरुद्ध करार अथवा स्थानिक रूढी नसेल तर’ लागू होतात. म्हणून करारातील कलमे व गावची रीत यांना या वादात महत्त्व येते.

किनारी प्रदेशातील प्रश्न : झीज व नासधूस यांतील सीमारेषा कोकणच्या किनाऱ्यावर विशेष सूक्ष्म होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्याचे देवबाग हे गाव याचे बोलके उदाहरण आहे. तारकर्लीच्या दक्षिणेस एका बाजूला अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्या दरम्यान वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर हे गाव वसलेले असून तिच्या टोकाशी नदी समुद्रास मिळते. मूळचा मच्छीमारी व माडांच्या बागांचा हा गाव अलीकडील दशकांत पर्यटनामुळे भाड्याच्या व्यवहारातही ओढला गेला. अशा किनारी पर्यटनगावांत नौकाविहार व पाणबुडी-क्रीडा यांतील कामगार, उपाहारगृहांतील नोकरवर्ग, शिक्षक इ. बाहेरून आलेली माणसे भाड्याच्या खोल्यांत राहतात.

येथील जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची व कौलारू असतात. जांभा सच्छिद्र असल्याने तो ओल धरून ठेवतो. खाऱ्या वाऱ्यातील क्षार भिंतीत शिरतात, पाणी सुकले की गिलाव्यावर पांढरे थर देऊन बाहेर पडतात व गिलावा सुटू लागतो. यालाच लोणा लागणे असे म्हणतात. खिडक्यांचे गज, बिजागऱ्या, पंख्यांची पाती व नळाच्या तोट्या या हवेत लवकर गंजतात. नव्या सिमेंट-काँक्रीटच्या खोल्यांतही क्षारांमुळे आतील लोखंडी सळ्या गंजून फुगतात व छताचे पोपडे पडतात. पावसाळ्यात बुरशी चढते, वाशांना वाळवी लागते. भाडेकरू कितीही टापटिपीचा असला, तरी तीन पावसाळ्यांनंतर घर पहिल्यासारखे दिसत नाही. म्हणून लोणा, गंज व ओल यांचा खर्च सामान्यतः वाजवी झिजेत मोडतो. खिडकी पावसात उघडी टाकून जाणे, गळका नळ महिनोन्‌महिने न कळविणे अशा कसुरीने ओल वाढली असल्यास मात्र तेवढ्या वाढीपुरते दायित्व भाडेकरूवर येऊ शकते.

शाकारणीचा प्रश्न असाच आहे. पावसाळ्यापूर्वी कौले उतरवून फुटकी बदलणे, वासे व रिपा तपासणे आणि छप्पर पुन्हा बसविणे हे कोकणातील वार्षिक काम होय. घराचे छप्पर राखण्याचे हे काम असल्याने करारात वेगळे काही नसेल, तर त्याचा खर्च भाडेकरू घर सोडतेवेळी अनामतीतून कापण्यास आधार उरत नाही. स्थानिक रूढीचा आधार घ्यावयाचा असल्यास ती रूढी खरोखर प्रचलित असल्याचे ती सांगणाऱ्याने सिद्ध करावे लागते.

वादळांची गोष्ट अधिक स्पष्ट आहे. मे २०२१ मध्ये अरबी समुद्रातून गुजरातकडे सरकलेल्या ‘तौक्ते’ चक्रीवादळाने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर घरांची छपरे व माड पाडले. अशा वादळाने उडालेले छप्पर ही अनिवार शक्तीची कृती असून तिचा भार भाडेकरूवर टाकता येत नाही. इतकेच नव्हे, तर आग, वादळ, पूर अशा कारणांनी जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला अथवा कायमचा वापरण्यायोग्य राहिला नाही आणि त्यास भाडेकरूची आगळीक कारण नसेल, तर भाडेपट्टा रद्द समजण्याचा विकल्प कलम १०८ ने भाडेकरूस दिला आहे.

दुरुस्ती न झाल्यास : भाडे नियंत्रण अधिनियम लागू असलेल्या क्षेत्रात, विरुद्ध करार नसेल तर, जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे दायित्व कलम १४ ने घरमालकावर घातले आहे. सूचना देऊनही त्याने वाजवी मुदतीत (ही मुदत पंधरा दिवसांहून कमी नसावी) दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाकाठी ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. अशा खर्चाच्या पावत्या घर सोडतानाच्या हिशेबात उपयोगी पडतात.

शास्तीची कलमे : ‘मुदतीपूर्वी घर सोडल्यास संपूर्ण अनामत जप्त’, ‘रंगकामाचे एक महिन्याचे भाडे कापले जाईल’ अशी कलमे छापील करारांत आढळतात. कराराखाली सही केली म्हणजे ती पूर्णपणे बंधनकारक झाली, असा समज सार्वत्रिक आहे. पण तो बरोबर नाही. संविदा अधिनियमाच्या कलम ७४ नुसार, कराराच्या भंगाबद्दल ठरावीक रक्कम वा शास्ती लिहिलेली असली, तरी त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी नुकसानभरपाईच मिळू शकते. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) या खटल्यात हे तत्त्व आधीच भरलेल्या रकमेच्या जप्तीसही लागू पडते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) या निर्णयात नुकसान वा हानी झालेली असणे ही भरपाईची पूर्वअट असल्याचे स्पष्ट करण्यात आले. नुकसानीचे मोजमाप करणे अवघड वा अशक्य असेल, तेव्हाच आधी प्रामाणिकपणे अंदाजलेली रक्कम ग्राह्य धरता येते. हे दोन्ही खटले भाडेकरूंचे नव्हते. तथापि त्यांतील तत्त्व अनामतीच्या जप्तीलाही मार्गदर्शक ठरते. शिवाय नुकसान कमी करण्यासाठी उपलब्ध असलेले उपाय योजिले होते की नाही, याचाही विचार कलम ७३ खाली होतो. मुदतीपूर्वी रिकामी झालेली खोली पंधरवड्यात दुसऱ्यास दिली गेली असेल, तर उरलेल्या सर्व महिन्यांचे भाडे नुकसान म्हणून मागता येणार नाही.

हिशेबाचे उदाहरण : नुकसानभरपाईचा हेतू हानी भरून काढणे हा आहे, जुन्याच्या जागी फुकट नवे मिळवून देणे हा नव्हे. हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका भाडेकरूने दरमहा ४,००० रु. भाड्याने घर घेऊन २०,००० रु. अनामत ठेवली व तीन वर्षांनी घर सोडले. घरमालकाने सर्व घराचे रंगकाम ९,००० रु., छपराची दुरुस्ती ४,५०० रु., गंजलेले गज बदलणे २,००० रु., फुटलेले वॉशबेसिन १,५०० रु., शेवटचे वीजदेयक ८०० रु. व साफसफाई १,२०० रु. असे एकूण १९,००० रु. कापून १,००० रु. परत केले. वरील कसोटी लावली असता तीन पावसाळ्यांनंतरचे रंगकाम, छपराची दुरुस्ती व गज ही झीज असल्याने हे १५,५०० रु. गळतात. वॉशबेसिन भाडेकरूच्या हातून फुटले हे खरे. परंतु ते काही वर्षे वापरलेले असल्याने नव्याची पूर्ण किंमत न धरता, समजा, ९०० रु. धरावे लागतील. वीजदेयक पूर्ण देय आहे. साफसफाईपैकी भाडेकरूने मागे टाकलेले सामान वाहून नेण्याचे, समजा, ३०० रु. रास्त ठरतील; नव्या भाडेकरूसाठी घर धुऊन काढण्याचा खर्च रास्त ठरणार नाही. तेव्हा वाजवी वजावट २,००० रु. होऊन भाडेकरूचे आणखी १७,००० रु. येणे निघते. यातील प्रत्येक आकडा वस्तुस्थितीप्रमाणे बदलेल. हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

पुरावा : जो पक्ष एखादी गोष्ट प्रतिपादितो, त्याने ती सिद्ध करावयाची, हा पुराव्याचा मूलभूत नियम भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ यातही कायम आहे. त्यानुसार अनामत दिली हे भाडेकरूने व मोडतोड त्याने केली हे घरमालकाने दाखवावे लागते. येथे विरोधाभास असा, की घर सोडतानाच्या वादाचा निकाल बहुधा घरात शिरण्याच्या दिवशीच ठरलेला असतो. त्या दिवशी घराची स्थिती नोंदलेली नसेल, तर भिंतीवरची भेग जुनी की नवी, हे नंतर कोणीही निश्चितपणे सांगू शकत नाही. यासाठी प्रवेशाच्या दिवशी खोलीवार यादी करून तीत भिंती, छप्पर, दारे-खिडक्या, नळ, विजेची बटणे व मीटरवरील आकडा यांची नोंद घ्यावी आणि त्यावर दोघांनी सह्या कराव्यात. दिनांकित छायाचित्रे ठेवावीत. इलेक्ट्रॉनिक नोंदी न्यायालयात दाखल करताना त्यांसोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. अनामत रोखीने न देता बँकेमार्फत द्यावी. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ३१ ने, मिळालेल्या रकमेची पावती देणे घरमालकास सक्तीचे केले आहे.

याच अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा वा परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी केली नसल्यास कराराच्या अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते आणि घरमालक तीन महिन्यांपर्यंत कारावास अथवा ५,००० रु. पर्यंत दंड अथवा दोन्हींस पात्र होतो. म्हणून आपल्याकडे नोंदलेला कागद नाही एवढ्यावरून या क्षेत्रातील भाडेकरूने दावा सोडून देण्याचे कारण नाही.

घर सोडण्याची रीत : करारात निराळी मुदत नसेल, तर राहत्या घराचा महिनेवारी भाडेपट्टा पंधरा दिवसांच्या लेखी सूचनेने संपविता येतो. घर सोडण्यापूर्वी घरमालकासमक्ष पाहणी करावी व प्रवेशाच्या वेळची यादी पुढे ठेवून फरक नोंदवावेत. मालक येत नसल्यास शेजारच्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींसमक्ष पंचनामा करावा. मीटरवरील अखेरचा आकडा टिपून वीजदेयक चुकते करावे. पाणीपट्टी करारात आपल्याकडे असल्यास तिची पावती घ्यावी. स्वतः बसविलेल्या वस्तू, ताबा आपल्याकडे असेपर्यंत व घर मूळ स्थितीत ठेवून, काढून नेता येतात. ताबा दिल्यानंतर हा हक्क राहत नाही. किल्ली दिल्याची लेखी पोच घेणे सर्वांत महत्त्वाचे. कारण ताबा कोणत्या दिवशी दिला, यावर भाड्याची आकारणी कोठे थांबते हे अवलंबून असते. अखेरच्या महिन्यांचे भाडे न देता ते अनामतीतून फेडून घेण्याची प्रथा बरीच आढळते. घरमालकाची संमती नसल्यास ती थकबाकी ठरते व भाडेकरूची बाजू विनाकारण दुबळी होते.

दाद मागण्याची पद्धती : प्रथम वजावटीचा तपशीलवार हिशेब व पावत्या लेखी मागाव्यात. समाधान न झाल्यास पोचपावतीच्या टपालाने रीतसर सूचना पाठवावी. तीत अनामतीची रक्कम व दिनांक, ताबा दिल्याचा दिवस, मान्य व अमान्य वजावटी, परत मागितलेली रक्कम व मुदत यांचा स्पष्ट उल्लेख असावा आणि त्या दिनांकापासून व्याजाची मागणी करावी. कारण व्याज अधिनियम, १९७८ खाली अशा लेखी मागणीपासून व्याज देण्याचा अधिकार न्यायालयास आहे.

यानंतरची पायरी तडजोडीची. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली तालुका व जिल्हा पातळीवर विधी सेवा संस्था असून दावा दाखल करण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येते. तेथे उभयपक्षी झालेल्या तडजोडीच्या निवाड्यास दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नसते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार, विहित मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले तसेच मोठ्या आपत्तीने पीडित झालेले लोक यांना विनामूल्य विधी साहाय्य मिळू शकते. चक्रीवादळांच्या किनाऱ्यावर हा शेवटचा वर्ग विशेष महत्त्वाचा आहे.

तडजोड न झाल्यास दिवाणी दावा हा मार्ग उरतो. बृहन्मुंबईत असे वाद लघुवाद न्यायालयापुढे, तर अन्यत्र कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशापुढे चालतात. देवबागच्या रहिवाशास त्यासाठी तालुक्याचे ठिकाण असलेल्या मालवणास जावे लागते. दाव्याची मुदत मुदत अधिनियम, १९६३ खाली सामान्यतः तीन वर्षांची असते. आश्वासनांवर विसंबून हा काळ घालविल्यास खरा हक्कही न्यायालयात मागता येत नाही. केवळ अनामत परत न करणे हा बहुधा दिवाणी स्वरूपाचाच वाद असतो. आरंभापासून फसवणुकीचा हेतू असल्याचे दिसत नसेल, तर पोलिसांकडे जाऊन रक्कम वसूल होईल, ही अपेक्षा व्यर्थ ठरते.

घरमालकाचे हक्क : या विषयाची दुसरी बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. लहान गावातील घरमालक अनेकदा स्वतः सामान्य स्थितीतील असतो व एका खोलीचे भाडे हेच त्याचे पूरक उत्पन्न असते. थकलेले भाडे, वापराची देयके व सिद्ध झालेली मोडतोड वजा करण्याचा त्यास पूर्ण हक्क आहे आणि नुकसान अनामतीहून अधिक असल्यास उरलेली रक्कमही तो दाव्याने मागू शकतो. परवान्याची मुदत संपूनही जागा न सोडणारा परवानाधारक भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे परवाना-शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई देण्यास पात्र होतो. मात्र भाडेकरू ताब्यात असताना त्यास नमविण्यासाठी वीज वा पाणी तोडण्यास त्याच अधिनियमाच्या कलम २९ ने मनाई केली आहे.

अन्य व्यवस्था : काही देशांत अनामत घरमालकाच्या हाती न ठेवता तिऱ्हाइताकडे सोपविण्याची पद्धत आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १९७७ पासून अशा रकमा सार्वजनिक मंडळाकडे जमा केल्या जातात. इंग्लंड व वेल्समध्ये २००७ पासून अनामत मान्यताप्राप्त योजनेखाली सुरक्षित करणे घरमालकास सक्तीचे झाले. जर्मनीत निवासी अनामतीवर तीन महिन्यांच्या मूळ भाड्याची कमाल मर्यादा आहे. भारतात केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेदारी अधिनियमास मान्यता दिली. त्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या व अन्य जागेसाठी सहा महिन्यांच्या भाड्याइतकी कमाल अनामत सुचविलेली असून, रिकाम्या जागेचा ताबा घेतेवेळीच देय वजावट करून ती परत करावी, अशी तरतूद आहे. भिंतींची सफेती, दारे-खिडक्यांचे रंगकाम व बांधकामाची दुरुस्ती घरमालकाकडे, तर नळाचे वॉशर, विजेची बटणे, खिडक्यांच्या काचा व कुलपे भाडेकरूकडे, अशी विभागणीही त्याच्या अनुसूचीत केलेली आहे. हा अधिनियम नमुन्यादाखल असून राज्याने तदनुसार कायदा केल्याखेरीज तो बंधनकारक होत नाही. तथापि करार लिहिताना ही विभागणी दोन्ही पक्षांना आधारभूत घेता येण्यासारखी आहे.

अनामतीच्या वादात कायदा बव्हंशी भाडेकरूस अनुकूल असूनही तो पुष्कळदा आपला हक्क सोडून देतो. दाव्याचा खर्च व खेपा रकमेच्या मानाने जड वाटतात. यास्तव प्रवेशाच्या वेळची एक सहीची यादी, किल्लीची एक पोच व मुदतीत पाठविलेली एक सूचना हे तीन कागद नंतरच्या कोणत्याही युक्तिवादाहून अधिक मोलाचे ठरतात. ते असले म्हणजे बहुतेक प्रकरणे न्यायालयापर्यंत जाण्याचे कारण राहत नाही. कारण समुद्राने काय झिजविले व माणसाने काय मोडले, याचा निर्णय मग दोघांनाही कागदावर वाचता येतो.